गाऱ्हाण्यातून स्तोत्राकडे

बायबलमधली हिब्रू स्तोत्रं शिकवताना मी मुलांना आधी वही नाही, तोंड उघडायला सांगते. पिंगुळीत सुट्टीच्या दिवशी आम्ही जमतो. बहुतेक मुलं कुडाळला कॉलेजात जाणारी. सुरुवात १३६व्या स्तोत्राने. त्याची २६ वचनं आणि प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच. एकाने पुढचा भाग म्हणायचा, बाकीच्यांनी पालुपद धरायचं. ही मुलं देवळातलं गाऱ्हाणं ऐकत वाढलेली. मानकऱ्याने मागणं घातलं की गावाने ‘व्हय महाराजा’ म्हणायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं आहे. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वचनापासून पालुपद बरोबर ठेक्यावर पडू लागतं. ही कविता जमावाने म्हणण्यासाठी घडली आहे, हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

मग ओळीची घडण. हिब्रू कवितेत यमकाला फारसं महत्त्व नाही. पूर्वार्धात एक गोष्ट मांडायची. उत्तरार्धाने तिला दुजोरा द्यायचा, धार लावायची किंवा उलट बाजू दाखवायची. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट लाउथ यांनी १७५३ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत ही घडण पद्धतशीर उलगडून दाखवली. आम्ही ती करून पाहतो. मी म्हणते, “नदीला पूर आला.” एक मुलगा म्हणतो, “नदीचं पाणी वाढलं.” मी मान हलवते, त्यात नवीन काही आलं नाही. मागून एक मुलगी म्हणते, “आमच्या साकवाने मान खाली घातली.” सगळे तिच्याकडे वळून पाहतात. उत्तरार्धाने एक पाऊल पुढे टाकायचं असतं, हे त्या वाक्याने सर्वांना कळतं. त्यानंतर बायबलमधलं ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तक उघडलं, की मुलं प्रत्येक वचनात ते पाऊल शोधू लागतात.

शिस्तीचा धडा ११९व्या स्तोत्रात. हिब्रू अक्षरं २२. प्रत्येक अक्षराला आठ वचनं, आणि ती आठही त्याच अक्षराने सुरू होणारी, एकूण १७६. मराठीत येताना ही वीण दिसेनाशी होते, म्हणून मी अक्षरं फळ्यावर उजवीकडून डावीकडे लिहिते आणि मुलांना गिरवायला लावते. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांचा तळवा नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून घासत जातो, खडू फासला जातो. डावखुऱ्या मुलीची ओळ मात्र स्वच्छ उतरते. नंतर ‘क’पासून क्रमाने एकेक ओळ रचायची. ‘ङ’पाशी सगळे अडतात. अशा अडचणी सोसून एखाद्या कवीने १७६ वचनं का रचली असतील, यावर मग खरी चर्चा होते. ‘विलापगीत’ या पुस्तकाच्या पाच अध्यायांपैकी पहिले चार याच अक्षरक्रमाने बांधलेले आहेत, हे कळल्यावर मुलं गंभीर होतात. शहर उद्ध्वस्त झालं आहे, आणि कवी शोकाला वर्णमालेचा आधार देतो आहे.

दुःखाच्या स्तोत्रांशी मुलांची सर्वांत लवकर जवळीक होते. १३वं स्तोत्र जेमतेम सहा वचनांचं. सुरुवातीलाच देवाला एकच प्रश्न चार वेळा विचारलेला. मग मागणं, आणि शेवटी भरवसा. “बाई, ह्यां तर गाराणांच!” असं कुणीतरी म्हणतंच. हाक, तक्रार, मागणं हा क्रम त्यांच्या ओळखीचा असतो. त्यानंतर मी ८८वं स्तोत्र देते. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं. देवापुढे तक्रार तक्रार म्हणूनच ठेवायची मुभा या परंपरेने दिली आणि ते स्तोत्र पवित्र संग्रहात जपलं, याचं मुलांना फार अप्रूप वाटतं.

बायबलमधलं ‘ईयोब’ हे पुस्तक वाचायला तर पिंगुळीसारखं गाव नाही. ठाकर समाजाची चित्रकथी इथली. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, सोबत वीणा, टाळ, हुडूक. कथेकरी गातो, थांबून बोलतो, पुढचं चित्र धरतो. २०२१ मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम गंगावणे यांनी ही कला जपण्यासाठी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. गाणं आणि निवेदन यांची सांगड इथल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. ‘ईयोब’ची चौकट गद्यात आहे, आणि मधला प्रदीर्घ वाद पद्यात. आम्ही भूमिका वाटून घेतो: ईयोब, आणि त्याला उपदेश करणारे अलीफज, बिल्दद, सोफर. वादाच्या तिसऱ्या फेरीत सोफर बोलतच नाही. त्याची भूमिका करणारा मुलगा आपली पाळी शोधत पानं उलटत राहतो, आणि उपदेशकांचे शब्द संपत आले आहेत हे वर्गाला दिसतं.

हे धर्माचं शिक्षण आहे का, असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. आम्ही हे साहित्य म्हणून वाचतो, आणि ज्यांचं ते पवित्र धन आहे त्यांचा मान राखून वाचतो. शिवाय मराठीला हे नवं नाही. फादर स्टीफन्स यांनी बायबलमधली कथा ओवीबद्ध करून रचलेलं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये शेजारच्या गोव्यात छापलं गेलं. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने हिब्रू शास्त्रातल्या कथांवर मराठी कीर्तनं केली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला संपूर्ण बायबल मराठीत आणलं. त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, ते प्रसिद्ध झालं.

एवढी पुंजी असताना मराठी घेऊन पदवी मिळवणाऱ्या मुलाच्या कानावर ‘ईयोब’चा एकही संवाद पडू नये, हे मला पटत नाही. यासाठी मोठा अभ्यासक्रम लागत नाही. एक मराठी बायबल, एक फळा आणि मोठ्याने वाचायची तयारी असलेली चार मुलं पुरतात. कोकणात तर पालुपद धरणारे आवाज प्रत्येक गावात आहेत.