शब्द हरवले, तरी दुखणे उरते

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, वाढत जातो तशी माणसाची स्मरणशक्ती आणि भाषा क्षीण होत जाते. मात्र संधिवात, किडलेला दात, बद्धकोष्ठता किंवा एकाच कुशीवर पडून राहिल्याने झालेल्या शय्याव्रणांची वेदना त्यांच्याबरोबर ओसरत नाही. अल्झायमरच्या रुग्णांना दुखणे कमी जाणवते, असा समज दीर्घकाळ होता. परंतु २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदू-प्रतिमांच्या अभ्यासात त्यांच्या मेंदूतील वेदनेशी निगडित भागांची सक्रियता घटलेली आढळली नाही. ‘कुठे दुखते?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, म्हणून दुखत नाही असे मानणे त्यामुळेच घातक ठरते.

अशा रुग्णाची वेदना वागणुकीतून प्रकटते. आंघोळ घालताना हात झटकणे, अन्न नाकारणे, रात्रभर येरझाऱ्या घालणे किंवा एकाएकी गप्प होणे, यांना ‘आजाराचाच भाग’ समजले जाते. निरीक्षणाला शिस्त यावी म्हणून २००३ मध्ये मांडलेली ‘पेनॅड’ ही मोजपट्टी श्वास, कण्हणे-ओरडणे, चेहऱ्यावरील भाव, देहबोली आणि धीर दिल्यावर शांत होणे या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देते. रुग्ण निजलेला असताना आणि त्याला हलवताना, अशा दोन्ही वेळी पाहिल्यास तिचा उपयोग अधिक होतो.

नॉर्वेतील शुश्रूषागृहांत बेटिना हुसेबो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मध्यम ते तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या ३५२ अस्वस्थ रुग्णांपैकी एका गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक उपचार दिले गेले, तेव्हा नेहमीचीच शुश्रूषा मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्यांची अस्वस्थता लक्षणीय घटली. वेदनाशामक उपचार मिळालेल्या गटातील बहुतेकांना केवळ पॅरासिटामॉल पुरले होते.

उपचाराची सुरुवात कारण शोधण्यापासून व्हावी. शेक, कूस बदलणे, हलका व्यायाम यांच्या जोडीला डॉक्टरांनी ठरवलेले औषध नेमून दिलेल्या वेळी द्यावे, कारण मागून घेणे रुग्णाला शक्य नसते. मॉर्फिनसारख्या औषधांनी ग्लानी, बद्धकोष्ठता आणि तोल जाण्याचा धोका वाढतो, म्हणून ती अल्प मात्रेने सुरू करून परिणाम नोंदवावा लागतो. भारतात ही शुश्रूषा बहुतांशी घरातच होते. म्हणून रुग्णाचे नेहमीचे वागणे जाणणाऱ्या कुटुंबीयांच्या नोंदींना वैद्यकीय पुराव्याचे मोल द्यायला हवे, आणि चिडलेल्या वृद्धाला गुंगीचे औषध देण्यापूर्वी त्याचे दुखणे तपासले जाणे, हा त्याचा हक्क मानला गेला पाहिजे.