बाथरूमचा खर्च काढताना आधी टेप घ्या

उसाचं बिल आलं की आमच्या वारणानगर भागात घरांची कामं निघतात. परवा शेजारच्या काकांनी विचारलं, "बाथरूमला किती लागतील रे?"

५ बाय ७ फुटांची बाथरूम धरू. चार भिंती मिळून २४ फूट, टाइल्स ७ फूट उंच : १६८ चौरस फूट. दाराचे १८ वजा, जमिनीचे ३५ मिळवा. झाले १८५. तुटफूट १० टक्के, म्हणजे साधारण २०४. याला टाइल्सच्या दरानं गुणा. दरात जीएसटी धरलाय का, तेही विचारा.

खरा खर्च मात्र दिसत नाही तिथं असतो. जुनी फरशी फोडणं, राडारोडा उचलणं, नवे पाइप, वॉटरप्रूफिंग. वॉटरप्रूफिंग वाळलं की पाणी २४ तास तुंबवून ठेवा, खालून ओल बघा, मगच टाइल्स. इथं काटकसर नकोच.

मिस्त्रीची मजुरी चौरस फुटावर, प्लंबरची पॉइंटवर. दोन्ही लिहून घ्या.

तुमची मापं टाका, हिशोब करून देतो.