भोंगा वाजल्यावर करायचं काय?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे, साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर एकमेकांशी बोलायचं, असं ग्रामसभेत ठरलं. करोनाच्या काळात ऑनलाईन शाळेसाठी मुलांच्या हातात आलेला फोन शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, तेव्हा गावाने काढलेला हा तोडगा. देशभर त्याची बातमी झाली.

बातमीत कौतुक झालं ते बंद करण्याचं. खरी पंचाईत त्याच्या पुढची आहे. मुलांना निदान अभ्यास तरी असतो. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाने हातातला फोन खाली ठेवला आणि दीड तास मोकळा मिळाला, तर त्याचं करायचं काय? निवृत्त झालेल्यांपुढे तर रोजचा अख्खा दिवस असतो. पहिले पंधरा दिवस कपाटं आवरण्यात जातात, मग घरातल्यांच्या कामात लुडबूड सुरू होते.

अशा वेळी ठरलेला सल्ला मिळतो, की आधी आपली आवड ओळखा. तो ऐकून माणूस आणखी गोंधळतो, कारण आवड आधी आणि सराव मागून असं फार थोड्यांच्या बाबतीत घडतं. बहुतेकांना एखादी गोष्ट थोडीफार जमायला लागल्यावर ती आवडू लागते. म्हणून छंद डोक्यात शोधत बसण्यापेक्षा गावात शोधावा. जिथे ठरलेली जागा आहे, ठरलेली वेळ आहे आणि आपल्याहून थोडं जास्त कळणारं कुणीतरी बसलेलं आहे, तिथे जाऊन बसावं. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत अशा जागांना तोटा नाही.

पट, सूर आणि पडदा

सांगलीचंच घ्या. हळद आणि ऊस यांच्या या गावात बुद्धिबळ रुजलं, ते भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे. वर्षानुवर्षे उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे स्पर्धा भरत आल्या. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू या सांगलीने दिल्या. पण मंडळाचं मोठेपण मोजायचं तर जे कधीच विजेते झाले नाहीत त्यांच्यावरून मोजावं. मोबाईलवर बुद्धिबळ खेळताना चाल चुकली की डाव टाकून दुसरा सुरू करता येतो. समोर माणूस बसला की तसं चालत नाही. मोहऱ्याला हात लावला की तेच हलवावं लागतं. हत्ती फुकट गेला तरी उरलेला तासभर मान खाली घालून खेळावं लागतं, आणि डाव संपल्यावर समोरचा म्हातारा शांतपणे सांगतो, “तुमचं बाराव्या चालीलाच बिनसलं होतं.” ती बारावी चाल घरी जाईपर्यंत डोक्यातून जात नाही. दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडे वळतात ते त्यामुळेच.

सांगलीपासून हाकेच्या अंतरावरची मिरज हे सुरांचं गाव. उस्ताद अब्दुल करीम खाँ इथे स्थायिक झाले. १९३७ साली ते गेले, तेव्हापासून त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उरुसाच्या वेळी गवई हजेरी लावतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मुख्य कार्यालयही मिरजेतच आहे. गावोगावच्या गाण्याच्या क्लासांत प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा ज्या परीक्षा होतात, त्या याच मंडळाच्या. तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिरांची इथे पिढ्यानपिढ्यांची परंपरा आहे. मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी त्याच हातांनी तंबोरा, सतार घडवायला घेतली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

गळा नाही म्हणून गाण्यापासून लांब राहिलेल्यांनी या कारागिरांच्या गल्लीत एकदा तरी जाऊन जवारी लावताना पाहावी. पंढरपूर भागातून आलेला वाळका भोपळा, त्यावर लाकडी दांडी, घोडीवरून गेलेल्या चार तारा. घोडीचा माथा कानसीने अगदी जपून घासतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवायचा. दोरा केसभर पुढे गेला तर तार मुकी वाजते, मागे गेला तर खरखरते. मधल्या एका ठिकाणी मात्र ती एकदम उघडते आणि आस लांबत जाते. ती जागा नुसत्या कानाने शोधायची असते. आपल्याला गाता येणार नसेल, पण तंबोरा नीट जुळवता येणं, बैठकीला जाऊन ऐकणं आणि गाणारा कुठे चुकला ते कळणं, हाही पुरा छंद आहे. कानसेन नसते तर तानसेन कोणापुढे गायला असता?

नाटकाचंही तसंच. १८४३ साली सांगलीत संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन आपण त्याचीच आठवण म्हणून पाळतो. भाव्यांचा हात बाहुल्या घडवण्यातही चालायचा. त्यांच्या कळसूत्री बाहुल्या पुढे रामदास पाध्यांनी पुन्हा हलत्या-बोलत्या केल्या. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत दोन्ही जिल्ह्यांतल्या हौशी संस्थांच्या तालमी कुठल्या तरी शाळेच्या हॉलमध्ये रात्री उशिरापर्यंत चालतात. तिथे नटांची वानवा क्वचितच असते. कमी पडतात ती बाकीची माणसं. रंगवलेला पडदा वाळवणारा, दिवे बघणारा, पुस्तक हातात धरून विंगेत उभा राहणारा, वेळेवर चहा आणणारा. स्टेजवर पाय लटपटत असतील तरी या मंडळीत जागा मिळते. बँकेत दिवसभर आकडे जुळवणाऱ्याला रात्री प्रकाशयोजनेची वही सांभाळण्यात किती सुख असतं, हे त्यालाच विचारावं.

फावल्या वेळात इतिहास

फावल्या वेळाचं काम म्हणजे दुय्यम काम, असा एक समज आहे. तो खोटा ठरवणारी दोन माणसं याच भागातली. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत. शाळा सांभाळून ते पटवर्धनी दप्तरांतले मोडी कागद वाचायला बसले. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने ते कागद खंडामागून खंड छापून आले. लोकांच्या दृष्टीने या लष्कराच्या भाकऱ्या होत्या, पण पेशवाईच्या उत्तरार्धावर लिहिणाऱ्याला आजही त्यांच्याकडे जावंच लागतं. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीसांना जुने कागद, चित्रं, वस्तू गोळा करण्याचा नाद होता. वाईजवळच्या मेणवलीतलं नाना फडणविसांचं दप्तरही त्यांच्या हाती आलं. त्यांचा संग्रह पुढे १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर पणजोबांची एखादी ट्रंक असते. तिच्यातलं खतपत्र, एखादा करारनामा मोडीत असतो आणि घरात तो कुणालाच वाचता येत नाही. मोडी शिकणं हा आजच्या घडीला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी छंदांपैकी एक आहे. पुराभिलेख विभागाचे आणि खासगी संस्थांचे वर्ग अधूनमधून भरतात. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला खालून लटकवत, शक्यतो हात न उचलता, पुढे जातात. शब्द कुठे तुटतो ते दाखवणारी मोकळी जागा नसते. पहिले काही दिवस सगळंच एका गुंत्यासारखं दिसतं. मग अचानक त्यातून ‘मौजे’ वाचता येतं, ‘बिन’ वाचता येतं आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे आपल्याच घराण्यातली बापलेकांची नावं सापडतात.

नुसतं वाचायचं असेल तर महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावरचं भिलार आहे. स्ट्रॉबेरीचं हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचंही गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून सुचलेली ही सरकारी कल्पना. फरक इतकाच, की तिथे पुस्तकांची दुकानं आहेत आणि इथे लोकांच्या घरांत, ओसऱ्यांवर, देवळात पुस्तकं मांडली आहेत. कुणीही यावं, बसून वाचावं.

पायांना आणि डोळ्यांना काम

बसून करायचे छंद मानवत नाहीत त्यांच्यासाठी सातारा आहे. पहाटे अजिंक्यताऱ्यावर नाहीतर चार भिंतीकडे निघालेली माणसं इथे पूर्वीपासून दिसतात. २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि चालणाऱ्यांतले बरेच जण पळू लागले. यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा खाली यायचं, २१ किलोमीटर, तेही पावसाळी हवेत. स्पर्धेचा दिवस एकच असला तरी तिच्या आधीचे चार-सहा महिने घाटात रोज सराव चालतो. एकट्याने गजर लावला तर तो बंद करून पुन्हा झोपता येतं. खाली चौकात चौघं वाट बघत थांबले असतील तर उठावंच लागतं.

घाटाच्या वर कासचं पठार. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि सप्टेंबरात तिथे गाड्यांची रांग लागू लागली. फुलांपुढे उभं राहून फोटो काढला की बहुतेकांचं कास संपतं. त्यापेक्षा एक वही घ्यावी आणि दर खेपेला फक्त तीन फुलं ओळखायची ठरवावं. पाण्याच्या डबक्यात इंग्रजी ‘वाय’सारखा दुभंगलेला तुरा दिसला तर तो वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. ओलसर जागी निळसर-जांभळा सडा पडलेला असेल तर ती सीतेची आसवं. नाजूक दिसणारी ही वनस्पती बारीक जीव पकडून खाते. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, म्हणजे ती दोनदा पाहायची तर तितका धीर हवा. छंदाची वही अशीच भरत जाते.

किती दिवस धीर धरायचा?

नव्या छंदाचे पहिले आठवडे कंटाळवाणे असतात. बोटं दुखतात, डाव हरतात, अक्षर लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात, रोजची एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं होतं. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, आणि मधला आकडा आला ६६. म्हणजे साधारण दोन महिने. तेव्हा एकच गोष्ट निवडून तिला एक ऋतू द्यावा. त्यानंतरही मन रमलं नाही तर बिनधास्त सोडावी, त्यात कमीपणा नाही.

त्या काळात दोन मोह टाळावेत. पहिला सामानाचा. आधी महागडे बूट, कॅमेरा, पेटी घ्यायची आणि मग तीच कोपऱ्यात धूळ खाते. उसन्या किंवा जुन्या सामानावर दोन महिने काढावेत. दुसरा मोह कमाईचा. जरा चांगलं जमू लागलं की “याचे क्लास घे”, “याचं चॅनेल काढ” असे सल्ले येतात. पैसे मिळाले तर वाईट नाही. पण गिऱ्हाईक आलं की तारीख आली आणि तारीख आली की पुन्हा नोकरीच. एक तरी काम असं ठेवावं, ज्यात वाईट झालं तरी कुणाला जाब द्यावा लागत नाही.

वेळ कुणाच्या वाट्याला येतो?

वेळच नाही म्हणणाऱ्यांना औंधच्या राजाचं उदाहरण हमखास सांगितलं जातं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी संस्थान चालवत, शिवाय चित्रं काढत, कीर्तन करत, सूर्यनमस्कारांचा प्रचार करत. १९३८ साली त्यांनी औंधच्या डोंगरावर उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रापासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत बरंच काही आजही पाहता येतं. उदाहरण मोठं आहेच. पण राजाला संध्याकाळी भाकऱ्या थापायच्या नव्हत्या.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटं. पावणेपाच तास आणि दीड तास. म्हणजे फावला वेळ ही घरातल्या सगळ्यांना सारखी मिळणारी गोष्ट नाही. संध्याकाळी सात ते साडेआठ हा काळ पुस्तकासाठी मोकळा ठेवला, तरी त्याच वेळेला गॅसवर कुकर चढलेला असतो. आपल्याकडे बायकांचे छंद बहुधा भजनी मंडळ, भिशी, हळदीकुंकू यांच्या आडून जगले, कारण तेवढ्यासाठी घराबाहेर पडायला परवानगी मागावी लागत नसे. भजनी मंडळात पेटीवर बसलेल्या कित्येक जणींना विशारदला बसायचं असतं. त्यासाठी त्यांना आवड शोधायची गरज नाही, ती कधीचीच सापडलेली आहे.

तेव्हा मिरजेच्या क्लासची चौकशी करा, बुद्धिबळाच्या मंडळात जाऊन बसा, घाटात पळा, मोडीची रेघ ओढा. पण त्याआधी एका कागदावर आठवड्याचे सात दिवस लिहून घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे निदान दोन संध्याकाळी मोकळ्या सोडा, आणि त्या संध्याकाळी स्वयंपाक कोण करणार आणि भांडी कोण घासणार, तेही त्याच कागदावर लिहा.