बुटक्या यंत्राची चाके

दिल्लीच्या टेकडीवर आज जेथे हिंदूराव रुग्णालय आहे, तेथील कोठी विल्यम फ्रेझर १८३५ साली मारला गेल्यानंतर कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव, म्हणजे बायजाबाई शिंदे यांचे बंधू, यांनी घेतली. एका मराठी सरदाराचे नाव राजधानीत असे टिकून राहिले. बाडा हिंदूरावसारख्या वस्त्यांतील अरुंद गल्ल्यांत गाळ आणि राडारोडा उचलावयाचा, तर मोठे यंत्र निरुपयोगी. तेथे ‘बॉबकॅट’ म्हणून ओळखला जाणारा बुटका लोडर हवा.

त्याचा जन्म मात्र शेतावरचा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात लुई व सिरिल या केलर बंधूंनी १९५७ साली, टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या आवारात जागच्या जागी वळेल असे तीनचाकी यंत्र तयार केले. चौथे चाक १९६० साली आले.

या यंत्राची चाके मोटारीप्रमाणे वळत नाहीत. इंजिन दोन पंप चालविते. त्यांचे दाबाखालील तेल दोन्ही बाजूंच्या मोटरींना फिरविते आणि बहुतेक यंत्रांत प्रत्येक मोटर साखळ्यांच्या द्वारे आपल्या बाजूची दोन्ही चाके हालविते. एक बाजू मंद व दुसरी जलद झाली, की यंत्र स्वतःला फरफटत वळते. या फरफटीचा सारा ताण साखळी, आस आणि टायर यांवर पडतो.

म्हणून तपासणीचा आरंभ टायरपासून करावा. एका बाजूची दोन्ही चाके सारखेच फेरे घेतात. त्यांतील एक झिजलेले आणि दुसरे नवे असेल, तर एकाला सतत घसरावेच लागते. एकच टायर बदलून पैसे वाचविणे ही काटकसर नव्हे. हवाही सारखी हवी.

साखळीसाठी इंजिन बंद करून यंत्र भक्कम घोड्यांवर टेकवावे. केवळ जॅकवर विसंबू नये. चाक हाताने मागे-पुढे हालविले असता थोडी ढिलाई आढळणारच. ती निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेबाहेर गेली, तर साखळी सैल झाली असे समजावे. साखळीच्या पेटीतील तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले. त्यात धातूचा चुरा चमकला, तर दाते किंवा साखळी झिजत आहे. पेटीतील पातळी आपोआप वाढली आणि पंपाच्या टाकीतील उतरली, तर मोटरीचे सील फुटल्याचा संशय घ्यावा. हे लक्षण अनुभवी मिस्त्रीच्याही नजरेतून सुटते, कारण तेल जमिनीवर सांडत नाही.

दिल्लीच्या धुळीत टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी पुसणे आणि गाळणी वेळेवर बदलणे, एवढ्यानेही पंपाचे आयुष्य वाढते.

नळीची गळती मात्र हाताने कधीही चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून उडणारे तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही, आणि कामगार हात पुसून पुन्हा कामाला लागतो. काही तासांत बोटे सुजतात. विलंब झाला, तर ती कापावी लागतात. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधावी. तेल टोचलेच, तर दुखण्याची वाट न पाहता शल्यचिकित्सकाकडे जावे आणि आत कोणते तेल गेले, हे त्याला आवर्जून सांगावे.