बशार हूली : नमाज सांभाळून मैदान गाजवणारा खेळाडू

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे. पण त्याच मैदानावर दर वर्षी सप्टेंबरअखेर एक लाख लोक दुसराच खेळ बघायला जमतात. त्याचं नाव ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. तिथले लोक प्रेमाने 'फूटी' म्हणतात. या खेळाच्या सर्वात मोठ्या स्पर्धेत, एएफएलमध्ये, तीन वेळा विजेत्या संघात असलेला एक खेळाडू पाच वेळची नमाज पढणारा, रोजे ठेवणारा मुसलमान आहे. बशार हूली त्याचं नाव. आपल्याकडे त्याच्याबद्दल फार कमी लोकांना माहिती आहे, म्हणून हा लेख.

आधी खेळ समजून घेऊ

मैदान क्रिकेटसारखं लंबगोल, आणि चेंडूही लंबगोल. एका संघाचे अठरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू लाथेने मारता येतो किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने पुढे ढकलता येतो, पण फेकता येत नाही. चेंडू घेऊन पळायचं असेल तर साधारण दर पंधरा मीटरला तो जमिनीवर टेकवावा लागतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. लाथेने मारलेला चेंडू कुणाचा स्पर्श न होता मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक गुण. सामना चार भागांत होतो आणि धावपळ इतकी असते की एकेक खेळाडू दहा-बारा किलोमीटर सहज पळतो. धक्काबुक्कीही भरपूर. १८५८-५९ च्या सुमारास मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम ठरले आणि आज एएफएलमध्ये अठरा क्लब आहेत.

लेबनॉनहून आलेल्या आई-वडिलांचा मुलगा

बशारचा जन्म १९८८ चा. आई-वडील लेबनॉनमधून ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले, आणि तो मेलबर्नच्या पश्चिम भागात वाढला. तिथे गल्लीतल्या मुलांचा खेळ म्हणजे फूटी, जसं आपल्याकडे क्रिकेट.

एएफएलमध्ये खेळाडू घेण्याची पद्धत वेगळी आहे. वर्षअखेरीला 'ड्राफ्ट' होतो. त्यात क्लब आळीपाळीने नवी मुलं निवडतात, आणि ज्या क्लबचा क्रमांक खाली त्याला आधी संधी मिळते. २००६ च्या ड्राफ्टमध्ये ४२ व्या क्रमांकावर एसेंडन या जुन्या आणि मोठ्या क्लबने बशारला घेतलं. २००७ मध्ये तो पहिल्यांदा मोठ्या मैदानावर उतरला. मुस्लिम घरातले खेळाडू त्याआधीही या स्पर्धेत आले होते. पण दीन उघडपणे पाळणारा, कुणाला न लाजता 'माझी नमाजची वेळ झाली' म्हणणारा खेळाडू या पातळीवर तोच पहिला, असं तिकडे मानलं जातं.

सब्राची चार वर्षं

इथे एक गोष्ट आपल्या मुलांना मुद्दाम सांगायला हवी. मोठ्या क्लबने घेतलं म्हणजे सगळं झालं, असं नसतं. एसेंडनकडून चार मोसमांत बशारला फक्त २६ सामने मिळाले. बाकी काळ राखीव, नाहीतर खालच्या स्तरावर. बावीस वर्षांच्या मुलाने अशा वेळी काय करावं? तो रिचमंड क्लबकडे गेला आणि २०११ पासून तिथे खेळू लागला. जागा बचाव फळीच्या बाजूची. चेंडू मिळवायचा, वेगाने बाहेर काढायचा आणि डाव्या पायाने लांब, अचूक पुढे द्यायचा. गोल मारणाऱ्याचं नाव होतं, पण चेंडू तिथपर्यंत पोचवणारा असाच कुणीतरी असतो.

रिचमंडकडून तो २०६ सामने खेळला. एकूण २३२. त्याला घेतलं तेव्हा रिचमंडच्या चाहत्यांनी १९८० नंतर एकही अजिंक्यपद पाहिलं नव्हतं. २०१७ मध्ये रिचमंडने अंतिम सामन्यात ॲडलेडला ४८ गुणांनी हरवलं आणि ३७ वर्षांची वाट संपली. २०१९ मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनीला तब्बल ८९ गुणांनी हरवलं. २०२० मध्ये कोरोनामुळे अंतिम सामना ब्रिस्बेनला झाला, तिथे जिलाँगवर मात केली. या तिन्ही सामन्यांत बशार खेळला. २०१९ मध्ये तर वर्षभरातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या 'ऑल-ऑस्ट्रेलियन' संघात त्याची निवड झाली. तेव्हा त्याचं वय ३१ होतं. २०२१ मध्ये तो निवृत्त झाला.

नमाज आणि रोजा

एएफएलचा मोसम मार्च ते सप्टेंबर. बशारच्या बहुतेक कारकिर्दीत रमजान याच महिन्यांत आला. तिकडे जून-जुलैत थंडी असते आणि दिवस लहान असतो, एवढाच काय तो दिलासा. रोजे ठेवून सराव कसा करायचा, याबद्दल तो नेहमी मोकळेपणाने बोलत आला. सामन्यानंतर बिअर ही तिथल्या खेळातली जुनी रीत. तो पीत नाही, पण म्हणून सहकाऱ्यांपासून तुटूनही राहिला नाही. आपलं काय आहे ते त्याने आधीच स्पष्ट सांगितलं, आणि मैदानावर कामात कसूर ठेवली नाही. त्यामुळे इज्जत आपोआप मिळाली.

त्याच्या काळातच मोठ्या मैदानांवर प्रार्थनेसाठी खोल्या झाल्या. त्यावर टीकाही झाली, 'खेळात धर्म कशाला' म्हणून. पण सामना बघायला आलेल्या मुस्लिम कुटुंबाला नमाजसाठी पार्किंगमध्ये कोपरा शोधावा लागू नये, एवढीच साधी गोष्ट होती ती.

चूक झाली तेव्हा

बशारची गोष्ट फक्त कौतुकाची करून सांगितली तर ती अर्धी होईल. जून २०१७ मध्ये कार्लटनविरुद्धच्या सामन्यात त्याचा हात जेड लॅम्ब या खेळाडूच्या डोक्याला लागला आणि लॅम्ब बेशुद्ध पडला. प्रकरण शिस्तपालन न्यायाधिकरणाकडे गेलं. बशारच्या चांगल्या वर्तणुकीची ग्वाही देणाऱ्यांत खुद्द तेव्हाचे पंतप्रधान माल्कम टर्नबुल आणि पत्रकार वलीद अली होते. न्यायाधिकरणाने त्याचं चारित्र्य लक्षात घेऊन दोनच सामन्यांची बंदी घातली. देशभर ओरड झाली. माणूस चांगला आहे म्हणून समोरच्याच्या डोक्याची इजा कमी होते का? एएफएलने स्वतःच अपील केलं आणि शिक्षा चार सामन्यांची झाली.

मला वाटतं, अपिलाचा निर्णय योग्य होता. दीनदारी ही सवलत मागण्यासाठी नसते. बशारने शिक्षा भोगली, परत आला, आणि तीन महिन्यांनी अंतिम सामना जिंकणाऱ्या संघात होता. चूक झाली की तोंड लपवू नये आणि मोठ्यांच्या ओळखीवर निभावून नेण्याची आशाही ठेवू नये, हे मुलांना यातून चांगलं समजावता येतं.

मागून येणाऱ्यांसाठी

खेळत असतानाच त्याने एएफएलसोबत मुस्लिम मुलांसाठी काम सुरू केलं. त्याच्या नावाची अकादमी आहे, इस्लामी शाळांमधल्या मुला-मुलींसाठी 'बशार हूली कप' आहे, संस्था आहे. आज ॲडम साद हा दीनदार खेळाडू एएफएलमधला नावाजलेला बचावपटू आहे, २०२२ मध्ये तोही ऑल-ऑस्ट्रेलियन संघात निवडला गेला. महिलांच्या स्पर्धेत २०१९ मध्ये हनीन झ्रैका ही पहिली मुस्लिम खेळाडू म्हणून उतरली. पहिल्याला सगळं समजावून सांगावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्याचे ते कष्ट थोडे कमी होतात.

शाळेत शिकवताना पालकांकडून एक प्रश्न नेहमी ऐकतो, 'सर, मुलगा खेळात गेला तर नमाज-रोज्याचं काय?' मुलींच्या बाबतीत तर प्रश्नही विचारला जात नाही, सरळ नकारच असतो. उलट काही मुलं अशी, की टीममध्ये मिसळायचं म्हणून आपलं सगळं लपवतात. बशारने या दोन्ही वाटा टाळल्या. मुलाला किंवा मुलीला खेळाची आवड असेल तर आधी प्रशिक्षकाला भेटा. जुम्याची वेळ, रमजानमधला सराव, मुलीच्या कपड्यांची गरज हे पहिल्याच दिवशी नीट बोलून घ्या. बरेचसे प्रश्न न बोलल्यामुळेच मोठे होतात. आणि मुलाला हेही सांगा की वेळेची सूट मिळाली तरी मेहनतीत सूट नाही. पहिल्या चार वर्षांत २६ सामने मिळालेल्या माणसाने पुढे २०६ खेळून दाखवले, ते याच हिशोबावर.