कासुर्डीहून पुढे भिगवण: कुटुंबासह नदीकाठी मुक्काम

सोलापूर रस्त्याने कासुर्डी, यवत, पाटस मागे टाकलं की भिगवण लागतं. इथं भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी पसरलेलं आहे. हिवाळ्यात रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, इथं उतरतात. कुंभारगाव, डिकसळचे मच्छीमार बोटीतून पक्षी दाखवतात. काही घरांत मुक्कामाचीही सोय होते.

जेवणाचं काय, हा आपला पहिला प्रश्न. इथं तो सोपा आहे. मासळीला जबीहाची अट नाही. ताज्या माशाचं कालवण आणि भाकरी मिळते. भांडी, तेल याबद्दल आधीच फोनवर बोलून घ्या. पुण्यापासून अंतर सुमारे 100 किलोमीटर, त्यामुळे हनफी मसलकाप्रमाणे कसर नमाज लागू होते.

पण पाण्याशी खेळ नको. 21 मे 2024 रोजी याच जलाशयात कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून 6 जणांचा जीव गेला. म्हणून लहानथोर सगळ्यांना लाइफ जॅकेट घालाच. जॅकेट नसेल, बोटीत गर्दी असेल किंवा वारा सुटला असेल, तर बोटीत बसू नका. काठावरूनही पक्षी दिसतात. मुलं सुखरूप घरी परतली, तरच सहल झाली म्हणायची.