चिंचोक्यांच्या पटावरून संगणकाच्या खेळाकडे

ठरावीक नियमांनी आपोआप पुढे चालणारा खेळ संगणकावर रचावयास शिकविताना प्रारंभ यंत्रापासूनच करावा असे नाही. केंब्रिजचे गणिती जॉन कॉन्वे यांचा १९७० साली प्रसिद्ध झालेला 'लाइफ' हा खेळ फरशीवर खडूने पाच-पाच घरांचा पट आखून चिंचोक्यांनीही मांडता येतो. कोणत्याही घराचे शेजारी म्हणजे त्यास चहूबाजूंनी व कोपऱ्यांनी लागलेली घरे. भरलेल्या घरास दोन वा तीन भरलेले शेजारी असल्यास चिंचोका राहतो, एरव्ही उचलावा. रिकाम्या घरास नेमके तीन असल्यास तेथे नवा ठेवावा. मधोमध आडवे मांडलेले तीन चिंचोके पुढील पिढीत उभे होतात, नंतर पुन्हा आडवे.

मुले चुकतात ती घाईने. मोजणी संपण्यापूर्वीच टोकाचा चिंचोका उचलला, की मधल्याच्या वरील व खालील घरांस दोनच शेजारी उरतात. नवा जन्म होत नाही, आणि पाहता पाहता पट रिकामा होतो. म्हणून सर्व घरे मोजून खडूने खुणा कराव्यात, मगच चिंचोक्यांस हात लावावा. आज्ञावली लिहितानाही याच कारणास्तव दोन तक्ते ठेवतात : जुना वाचावयाचा, नवा लिहावयाचा. शिक्षकांनी मात्र ही युक्ती आरंभीच सांगू नये. पट एकदा रिकामा होऊ द्यावा व कारण मुलांनाच शोधू द्यावे. त्यात एक तासिका गेली तरी चालेल.